तांदळातली गौरी आणि खापरपणजोबा

शिवाजीनगर कोर्टाजवळ माझं टेबल आहे. वकिली आणि नोटरी. दिवसातली निम्मी माणसं एकच वाक्य घेऊन येतात, ‘मॅडम, नावात फरक आहे, एक ॲफिडेव्हिट करून द्या.’ दहावीच्या मार्कशीटवर दीक्षितांमध्ये एक एक्स, पॅनवर के-एस-एच. त्याला आता मी दचकत नाही. पण गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या एक काकू सुनेला घेऊन आल्या, त्यांची फाईल उघडली आणि चहा तसाच गार झाला.

सून मॉरिशसची. तिच्या घरातले लोक मूळचे रत्नागिरीकडचे, पाच पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. तिचं मराठी शाळेत विषय म्हणून शिकलेलं, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. ‘मी आपणास कागदपत्रे दाखवू का?’ असं म्हणाली तेव्हा मीच सरळ बसले. लग्नाला नऊ वर्षं झालेली, राहणं पुण्यातच. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्याला १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(सी)खाली अर्ज करता येतो. अर्जाआधीचे सलग बारा महिने इथे राहिलेलं असावं लागतं, आणि त्याआधीच्या आठ वर्षांतली मिळून सहा. हिची वर्षं भरलेली. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व ठेवून इथे राहायची मुभा, पण मत नाही, ते का नको, असं मी विचारलं. तर म्हणाली, ‘मतदानाच्या दिवशी घरातले सगळे बोटाला शाई लावून येतात आणि मी त्यांच्यासाठी पोहे करते.’

अर्ज ऑनलाइन भरला होता, आणि त्यावर त्रुटी निघाली होती: नावात व वडिलांच्या नावात तफावत.

खरी नावं सांगता येत नाहीत, म्हणून त्याच घाटाची दुसरी घेते. पासपोर्टवर नाव सुशीला, आडनाव एल-यू-सी-एच-एम-यू-एन. जन्मदाखल्यावर आडनाव एल-यू-एक्स-आय-एम-ओ-एन. लग्नाच्या प्रमाणपत्रावर लग्नानंतरचं नाव गौरी, पुढे नवऱ्याचं नाव, त्याचं आडनाव. आधारवरही गौरीच. आणि त्याच प्रमाणपत्रावर लग्नाआधीचं नाव: सुशीला. वडिलांचं नाव: लक्ष्मण. आडनाव: काही नाही, नुसती आडवी रेघ.

‘वडिलांचं नाव लक्ष्मण?’
‘नाही. वडील प्रेमचंद. लक्ष्मण आमचे आडनाव आहे.’

काय झालं ते तिथंच कळलं. ज्या कार्यालयात नोंदणी झाली तिथल्या माणसानं तिला पूर्ण नाव विचारलं, तिनं सुशीला लक्ष्मण सांगितलं, आणि आपल्याकडे नावानंतर जे येतं ते वडिलांचं असतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं लक्ष्मण वडिलांच्या रकान्यात टाकलं आणि आडनावाला रेघ मारली. प्रमाणपत्र हातात आल्यावर घरात कुणी वाचलंच नाही. लॅमिनेट केलं. (लॅमिनेट करणाऱ्यांबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही.)

सुशीलानं फोनवर एक फोटो दाखवला. तिच्या काकांनी मॉरिशसच्या जुन्या स्थलांतर-नोंदींतून काढून आणलेला उतारा. १८३४पासून पोर्ट लुईला मजुरांची जहाजं लागत, उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळे आणि कारकून कानाला ऐकू येईल तसं नाव लिही. उताऱ्यात नंबर, जिल्हा रत्नागिरी आणि एकच शब्द: एल-यू-टी-सी-एच-एम-ओ-एन. बापाचं नाव वेगळं, आडनाव नाहीच. त्या लक्ष्मणाच्या मुलांना पुढे लक्ष्मण हेच आडनाव लागलं. एका शाखेच्या कागदावर सी-एच, दुसरीच्या कागदावर एक्स, आणि हिच्या घरात तर दोन्ही. म्हणजे पुण्याच्या कागदावर वडील म्हणून जे बसलेत, ते खापरपणजोबा. आणि त्यांच्याही नावाचं स्पेलिंग चुकलेलंच.

काकू इतका वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘अहो, पण गौरी मीच सुचवलं होतं. ताम्हणात तांदूळ पसरले, अंगठीनं माझ्या मुलानं लिहिलं. म्हणजे माझ्या तांदळामुळे अडलं का हिचं?’

मी नाही म्हटलं. खरं उत्तर ‘थोडंसं’ असं होतं.

काकूंनी पर्समधून पाचशेचा स्टँप पेपर काढला. पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४पासून पाचशेचा. त्यांना हवं होतं ते नेहमीचंच: ‘वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’. मी तो तसाच परत दिला. प्रतिज्ञापत्र म्हणजे आपणच आपल्याबद्दल दिलेला शब्द. एका अक्षराचा फरक त्यानं निभावतो. दोन वेगळे बाप त्यानं एक होत नाहीत, आणि केले तर पुढचा टेबलवाला विचारतो की मूळ प्रमाणपत्र दुरुस्त का नाही केलं. बरोबरच विचारतो.

परदेशी माणसाची इथली ओळख म्हणजे पासपोर्ट. बाकी कागद त्याच्याकडे वळवायचे, त्याला कुणाकडे वळवायचं नाही. शिवाय अर्ज मंजूर झाला की हिला मॉरिशसचं नागरिकत्व सोडावं लागेल. मॉरिशसला दोन चालतात, आपल्याला चालत नाहीत. तो सोडल्याचा कागद पासपोर्टच्या नावानं येणार. इथली फाईल गौरीच्या नावानं आणि तिथला कागद सुशीलाच्या, असं झालं तर ही पोर अधांतरी. त्यामुळे आधी लग्नाचं प्रमाणपत्र दुरुस्त: वडील प्रेमचंद, आडनाव पासपोर्टप्रमाणे. मग आधार. आणि जन्मदाखल्याच्या एक्सचा निकाल मॉरिशसच्या सिव्हिल स्टेटस कार्यालयाकडूनच (तिथलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं खातं), अपॉस्टिल लावून, म्हणजे कागद खरा असल्याची तिथल्या सरकारची मोहोर घेऊन. प्रतिज्ञापत्र सगळ्यात शेवटी, तेही छोटं.

‘आणि गौरी?’ काकूंनी विचारलं.
‘आधी नागरिक होऊ दे. मग राजपत्रात नाव बदलून घ्या आणि हवं तर पेढे वाटा.’

प्रमाणपत्राची दुरुस्ती तीन हेलपाट्यांत झाली. पहिल्या वेळी प्रेमचंद बसले पण आडनावाची रेघ तशीच राहिली. आधारचं मात्र एका दुपारीच झालं. शेवटी प्रतिज्ञापत्राला दोघी आल्या. सुशीलानं माझ्या रजिस्टरमध्ये सवयीनं सुबक देवनागरीत ‘गौरी’ अशी सही केली. मी काट मारून शेजारी पासपोर्टवरची सही करायला लावली. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

उठताना त्या म्हणाल्या, ‘चल, सुशीला.’ ती फाईल आवरत राहिली. तिनं वळून बघितलंच नाही, कारण पुण्यात तिला त्या नावानं कुणी हाक मारलेली नव्हती.

मॉरिशसहून दाखला महिन्याभरानं आला. आत सगळं चोख: दोन्ही स्पेलिंगं एकाच घराण्याची, शिक्का, अपॉस्टिल. पाकीट काकू मला मुद्दाम दाखवायला घेऊन आल्या. वर कुरियरवाल्यानं मार्करनं नाव लिहिलं होतं: एल-ए-एक्स-एम-आय, मग जागा सोडून, एम-डबल ओ-एन.