काडीकिडा शोधायचाय? रात्री टॉर्च घेऊन पेरूखाली जा

मागच्या वर्षी श्रावणात आजोळी गेले होते, संगमेश्वरजवळ, आणि तीन दिवस सकाळ-दुपार परसातली झुडपं पिंजून काढली तरी एक काडीकिडा (हुबेहूब सुक्या काडीसारखा दिसणारा कीटक) मिळाला नाही. चौथ्या रात्री लाइट गेले म्हणून टॉर्च घेऊन विहिरीकडे निघाले तर पेरूच्या खालच्या फांदीवर एक नाही, तीन! एक तर आरामात पान कुरतडत बसलेला.

तेव्हा कळलं की दिवसा शोधण्यात अर्थच नाही. दिवसा तो पुढचे पाय मिशांच्या बाजूने सरळ ताणून काडीसारखा पडून असतो, वारा आला की फांदीबरोबर डुलतो पण, त्यामुळे नजर त्याच्यावरून सरकून जाते. अंधार पडला की खायला बाहेर येतो, हालतो, आणि टॉर्च बाजूने तिरका धरला की पाठीमागच्या पानावर लांब सावली पडते, मला तर किड्याच्या आधी सावलीच दिसते.

दिवसा फक्त खुणा बघून ठेवायच्या. कडेपासून कुरतडलेली पानं आणि खालच्या रुंद पानांवर बारीक सुक्या लेंड्या. ते झाड लक्षात ठेवायचं, रात्री आठनंतर तिथेच यायचं. एवढ्यासाठी जंगलात जायची गरज नाही, अभयारण्यातून किंवा नॅशनल पार्कातून तर काहीच उचलायचं नाही. आपलं परस, ओळखीच्यांची वाडी पुरते.

घरी पाळायला पकडताना पाय धरून ओढू नका प्लीज. घाबरला की पाय सोडून देतो. पिल्लू असेल तर पुढच्या काही कातींमध्ये पाय परत येतो, पण पूर्ण वाढलेला कात टाकत नाही, त्याचा गेला तो गेलाच. मी फांदीचा शेंडाच कापते, किड्यासकट. मामी म्हणाली, "अगं किडे कसले घरात आणतेस," पण पिशवी तिनेच शोधून दिली.

ज्या झाडावर मिळाला त्याचाच पाला रोज देता येणार असेल तरच आणा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. आणि फवारणी झालेला पाला नको, धुतला तरी नको. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवायची, बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करायचं नाहीतर पिल्लं आत उतरून बुडतात. संध्याकाळी पानांवर थोडं पाणी शिंपडायचं, ते थेंब पितात.

माझा पहिला किडा मी गमावला आणि ते अजून मनाला लागतं. बरणी बुटकी होती. कात टाकताना तो उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो, त्याला खाली जागाच मिळाली नाही, पाय वाकडे राहिले आणि दोन दिवसांत गेला. पेटी किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी उंच हवी. आता मी मच्छरदाणीचं कापड शिवून उंच पिंजरा केलाय, त्यात लटकायलाही पकड मिळते. कात पडलेली दिसली तर उचलू नका, बऱ्याचदा तो ती खाऊन टाकतो.

जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात तो कॅरॉसियस मोरोसस जातीचा काडीकिडा आपल्याकडचाच, तमिळनाडूतल्या पळणी डोंगरातला, १९०१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्यातल्या माद्या नराशिवायच अंडी घालतात, म्हणजे एकच आणली तरी पिल्लं होऊ शकतात! माझ्याकडचा तो नाही, पण माझीही मादी निघाली. रात्री कागदावर टप टप आवाज यायचा, सकाळी बघते तर बियांसारखी अंडी. पिंजरा साफ करताना कचरा समजून फेकून देऊ नका ती.

मी ती ओलसर वाळूवर ठेवलीत, झाकणाला भोकं पाडून. काही महिने लागतात म्हणे. पिल्लं आली की थोडी ठेवणार, बाकीची गणपतीला जाताना त्याच पेरूवर नेऊन सोडणार.