वेगळी चूल

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. मिरजेहून आत्या विचारते, "पीएचडी होऊन सहा वर्षं झाली तरी तुला पक्की नोकरी का लागत नव्हती गं?" आणि पुण्याहून, बंगळुरूहून, नाहीतर ह्यूस्टनहून एखाद्या अनोळखी पोस्टडॉकची (पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकाची) मेल येते: "मॅडम, तुम्हाला के-९९ कसं मिळालं? व्हिसावर असताना अर्ज चालतो का?" के-९९ म्हणजे पोस्टडॉकला स्वतःच्या लॅबपर्यंत पोचवणारी अमेरिकन सरकारी ग्रँट, संशोधनाचा निधी. दोघांना द्यायचं उत्तर खरं तर एकच आहे. आत्याला ते फोनवर नीट सांगता आलं नाही, आणि मेल करणाऱ्यांना बहुतेक वेळा फक्त माझा जुना अर्ज हवा असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी व्हिसाचं, कारण त्या धास्तीत बाकीचं डोक्यात शिरत नाही. हो, चालतो. अमेरिकेच्या एनआयएचच्या (राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थांच्या) बहुतेक वैयक्तिक फेलोशिप नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना असतात. के-९९/आर-०० ला, म्हणजे या योजनेच्या दोन्ही टप्प्यांना, ती अट नाही. मी स्वतः व्हिसावरच अर्ज केला होता. अट आहे ती घड्याळाची: पोस्टडॉक म्हणून चार वर्षांपेक्षा जास्त अनुभव नको. पूर्वी पाच चालायची, २०१४ पासून चार. दुसऱ्यांदा अर्ज करायचा तर तोही त्या चार वर्षांतच. बाळंतपण झालेलं असेल तर वर्षभराची मुदतवाढ मागता येते, हे पुष्कळ मुलींना ठाऊकच नसतं.

आता आत्याचा प्रश्न. पोस्टडॉक म्हणजे एकत्र कुटुंबातला कर्ता धाकटा. पीएचडी झालेली, हात बसलेला, लॅबमधलं निम्मं काम त्याच्याच अंगावर. पण सातबारा थोरल्याच्या नावावर. ग्रँट पीआयच्या, म्हणजे लॅबच्या प्रमुखाच्या, नावावर येते, उंदीर पीआयचे, पेपरवर शेवटचं नाव पीआयचं. विद्यापीठाला प्राध्यापक नेमायचा असतो तेव्हा ते विचारतात, तुमची स्वतःची ग्रँट कुठे आहे? आणि मोठी ग्रँट देणारे विचारतात, तुमची स्वतःची लॅब कुठे आहे? या दोन प्रश्नांच्या मध्ये माणसं चाळिशीला येतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने यावर अहवाल दिला होता. नोबेलविजेते थॉमस चेक तिचे अध्यक्ष होते. आर-०१, म्हणजे स्वतंत्र संशोधकाला एनआयएचकडून मिळणारी पहिली मोठी ग्रँट, हातात पडेपर्यंत संशोधकाचं सरासरी वय ४२ झालेलं असतं, हे त्यांनी मांडलं. त्यावर उपाय म्हणून २००६ मध्ये एनआयएचने के-९९ ची ही योजना काढली आणि पहिल्या वर्षी दीडशे ते दोनशे जणांना द्यायचं जाहीर केलं. कॅन्सरवर काम करणाऱ्यांना ती राष्ट्रीय कॅन्सर संस्थेकडून, म्हणजे एनसीआयकडून मिळते.

योजना एका ओळीत सांगायची तर: जास्तीत जास्त दोन वर्षं गाईडच्या छत्राखाली, ते के-९९; मग कुठेतरी टेन्योर ट्रॅकवर, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी प्राध्यापकाची, नोकरी मिळवलीत तर पुढची तीन वर्षं स्वतःच्या लॅबसाठी पैसे, ते आर-००. नोकरी नाही मिळाली तर दुसरा हप्ता नाही. नोकरी कुणी तुमच्यासाठी शोधून ठेवत नाही.

हे सगळं संकेतस्थळावर वाचायला मिळतं. जे मिळत नाही ते आता सांगते, आणि त्यासाठी उंदीर तोलण्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी ज्या लॅबमध्ये होते तिथे स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर काम चालायचं. या कॅन्सरच्या दहांतल्या नऊहून अधिक रुग्णांमध्ये केरास नावाचं जनुक बिघडलेलं सापडतं, आणि आमच्या पीआयचं सगळं आयुष्य त्या केरासवर गेलेलं. मी २०१६ च्या जानेवारीत रुजू झाले तेव्हा मला उंदीर मिळाले आणि एक वही मिळाली. आठवड्यातून तीनदा प्रत्येकाचं वजन करायचं. तराजू स्वयंपाकघरात असतो तसलाच, वर श्रीखंडाच्या डब्याएवढा प्लॅस्टिकचा डबा. उंदराला शेपटीकडून धरून डब्यात सोडायचं, तो गोल फिरायचा थांबला की आकडा लिहायचा. वजन कशासाठी? तर सुरुवातीच्या वजनापेक्षा वीस टक्के कमी झालं की त्याला आणखी हाल न होऊ देता त्याच दिवशी मारायचं, असा नियम. २४.१ ग्रॅमचा उंदीर १९.३ च्या खाली गेला की संपला. त्या रकान्याचं एवढंच काम. कुणी तो रकाना वाचत नसे. फक्त लाल रेघ ओलांडली का ते बघत.

एका गुरुवारी एकाच पिंजऱ्यातले दोन उंदीर हाताशी होते. एक वीस टक्क्यांच्या खाली गेलेला, दुसरा ठणठणीत. दोघांनाही त्या दिवशी उघडायचंच होतं. खंगलेल्याच्या पोटात हरभऱ्याएवढी गाठ. ठणठणीतच्या पोटात सुपारीएवढी. मला वाटलं खुणा उलट्यासुलट्या झाल्या असतील, म्हणून कानावरच्या खाचा पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या. मग मागची सगळी पानं काढून बसले. गाठीचा आकार आणि उंदराचं खंगणं यांचा मेळ कुठेच बसेना.

याला नाव आहे, कॅकेक्सिया, आणि डॉक्टरांना ते जुनं ठाऊक आहे. आपल्याकडे म्हणतात ना, खाल्लेलं अंगाला लागत नाही, अगदी तेच: नुसतं खायला घालून हे झिजणं भरून निघत नाही. मी दर गुरुवारी पोटरीचा स्नायू काढून तोलायला लागले. निरोगी उंदरात सव्वाशे मिलिग्रॅमच्या पुढे भरायचा, काहींमध्ये नव्वदवर आलेला असायचा. आणखी एक गोष्ट दिसली. काही उंदरांचं एकूण वजन तसंच राहायचं आणि पोटरी झिजलेली असायची, कारण पोटात पाणी भरून तराजूला फसवत होतं. हे सगळं मी कुणी न सांगता, मूळ प्रयोग संपल्यावर संध्याकाळी करत होते. पीआय एकदा मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "छान आहे, पण आपला प्रश्न हा नाही."

'आपला' हा शब्द त्या वेळी मला खटकलाही नाही.

पहिला अर्ज १२ जून २०१८ ला टाकला. तीन उद्दिष्टं लिहिली होती. पहिली दोन केरासची, तिसरं स्नायूचं. पीआय म्हणाले होते, "ते जोखमीचं आहे, शेवटी ठेव." अर्ज तीन तज्ज्ञ बारकाईने वाचतात. उमेदवार, त्याच्या तयारीचा आराखडा, संशोधन, गाईड आणि संस्था अशा पाच गोष्टींना एक ते नऊ गुण देतात. इथे कमी गुण चांगले. शेवटी समितीची सरासरी दहाने गुणून येते, म्हणजे दहा सर्वांत उत्तम, नव्वद सर्वांत वाईट. मला ४४ आले. सोबत अभिप्रायाची सहा-सात पानं असतात. तिन्ही तज्ज्ञांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच म्हटलं होतं: मुलगी हुशार आहे, गाईड नामांकित आहे, पण ही बाहेर पडल्यावर काय करणार आहे? हेच काम गाईडची लॅब करणारच आहे. एकाने लिहिलं होतं की अर्जात सगळ्यांत नवं काही असेल तर ते तिसरं उद्दिष्ट, आणि त्यालाच सगळ्यांत कमी जागा दिली आहे.

तीन आठवडे मी ती पानं बॅगेत घेऊन फिरत होते. विचारायचं काय ते मला कळलं होतं, तोंडातून निघत नव्हतं. आपल्याकडे वाटणी मागणाऱ्याचं नाव चांगलं निघत नाही. आपण त्याच संस्कारात वाढतो आणि हजारो मैलांवर तो सोबत घेऊन जातो. शेवटी बर्फाच्या मशीनपाशी, हातात बर्फाची बादली असताना विचारलं: "मी इथून जाताना काय घेऊन जाऊ?"

ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघू."

त्यांना वाईट ठरवू नका. त्यांची स्वतःची ग्रँट नूतनीकरणाला आली होती, दोन माणसांचे पगार त्यावर अडकलेले, आणि लॅबमधला सगळ्यांत जुना हात वाटा मागत होता. कुणीही "बघू"च म्हणालं असतं. मी दुसऱ्या दिवशी एक पान टाईप करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. डावीकडे: लॅबमध्ये वाढवलेल्या कोणत्या पेशी (सेल लाइन), उंदरांची कोणती जात, कोणते नमुने, कोणता प्रश्न माझ्यासोबत जाणार. उजवीकडे: काय इथेच राहणार. केरास पूर्ण त्यांचं. स्नायू पूर्ण माझा. त्यांनी पेनने दोन गोष्टी डावीकडून उजवीकडे नेल्या आणि एक, मी मागायला धजले नव्हते ती, उजवीकडून डावीकडे आणली. ती म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या गोठवलेल्या पोटऱ्या, उणे ऐंशीच्या फ्रीझरमधल्या अकरा पेट्या.

दुसऱ्या अर्जाबरोबरच्या त्यांच्या पत्रात मग दोन वाक्यं आली: स्नायूंचं काम तिचं आहे, ती गेल्यावर माझी लॅब त्यावर काम करणार नाही. संशोधनाचा आराखडा मी जवळजवळ नव्याने लिहिला होता, तिसरं उद्दिष्ट पहिलं झालं होतं. पण मला आजही वाटतं, माझे गुण ४४ वरून २३ वर आले ते त्या दोन वाक्यांनी. अर्ज १२ मार्च २०१९ ला गेला, डिसेंबरात मंजुरी आली. तीन महिन्यांनी कोविडने लॅब बंद झाली आणि निम्म्याहून जास्त उंदीर मारावे लागले. तो काळ मला लिहायला आवडत नाही.

पैशांबद्दल सगळ्यांना उत्सुकता असते, म्हणून सांगते. आर-०० मध्ये वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत मिळतात. आकडा ऐकून आत्याने तो रुपयांत करून बघितला आणि बराच वेळ गप्प राहिली. पण विद्यापीठाचा वरखर्च, म्हणजे इमारत, वीज, कार्यालय यांचा वाटा, त्यातूनच जातो. माझ्या इथे तो दर ५५ टक्के. हाताशी उरले सुमारे एक लाख साठ हजार. २०२४ मध्ये एनआयएचने नव्या पोस्टडॉकला ठरवून दिलेलं वार्षिक विद्यावेतन ६१,००८ डॉलर होतं. एक पोस्टडॉक, एक तंत्रज्ञ, दोघांचा विमा, उंदरांच्या पिंजऱ्यांचं रोजचं भाडं, की संपलं. तरी या पैशाची खरी किंमत नोकरीच्या मुलाखतीत कळते. उमेदवार तीन वर्षांचा आहेर घेऊन दारात उभा असतो. विद्यापीठाने तो आहेर बघून आपलं देणं कमी करू नये, म्हणून लॅब उभारायला इतरांना जे देता तेवढंच यालाही द्या, आर-०० चे पैसे त्यातून वळते करू नका, अशी अट आहे. शिवाय तुमचा पाऊण वेळ संशोधनालाच मिळाला पाहिजे. पहिल्या वर्षी विभागप्रमुख तीन वर्ग शिकवायला लावतात तेव्हा ही अट छापून हातात ठेवावी. मी ठेवली होती.

"भारतात असं काही आहे का?" आहे. परदेशातून परतणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप, २००८ पासूनची इंडिया अलायन्सची फेलोशिप, तरुणांसाठी इन्स्पायर फॅकल्टी. माझ्या ओळखीचे काही जण त्यांवर परतले आणि उत्तम काम करताहेत. माझी तक्रार एकच: पाच वर्षांचा पगार आणि खर्च मिळतो, पण सहाव्या वर्षाची खुर्ची त्यात लिहिलेली नसते. के-९९ मध्ये खुर्ची मिळाल्याशिवाय दुसरा हप्ताच सुटत नाही, एवढा फरक. आणि आर-०० चे पैसे भारतात नेता येत नाहीत. ते अमेरिकेतल्याच संस्थेत वापरावे लागतात.

इथे मला दर वेळी कॅन्सर संशोधक डॉ. कमल रणदिवे आठवतात. पुण्याच्या, फर्ग्युसनच्या. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली आणि बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत वाढवायला शिकायला गेल्या. प्रयोगशाळांत अखंड वाढत राहणाऱ्या हेला नावाच्या माणसाच्या कॅन्सरपेशी पुढे जगभर गेल्या त्या तिथूनच. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. फेलोशिप त्यांनाही लागली होती. पण परतल्यावर काम कुठे करायचं, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. परळला खानोलकरांची संस्था होती.

सध्याचे दिवस बरे नाहीत, हेही सांगायला हवं. २०२५ मध्ये एनसीआयने आर-०१ साठीची रेघ चौथ्या पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे शंभरात पहिल्या चारांत आलात तरच खात्री. मला माझी आर-०१ त्याच्या आदल्या वर्षी लागली. वर्षभर उशीर झाला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

माझा जुना अर्ज मागाल तर देईन, दोन्ही देईन, ४४ वालासुद्धा. तो आधी वाचा. पण त्याआधी तुमच्या पीआयला तो बर्फाच्या मशीनपाशी विचारायचा प्रश्न विचारा. "बघू" म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक पान टाईप करून न्या, आणि टेबलावर ठेवताना सोबत पेनही ठेवा.