ग्रुयेरचा फेरफटका

आज ग्रुयेर पाहिलं. स्वित्झर्लंडच्या फ्रिबूर कॅन्टनमधलं छोटंसं फ्रेंचभाषक गाव. टेकडीवरच्या जुन्या भागात गाड्यांना बंदी, फरसबंद रस्ता, टोकाला किल्ला. इथल्या शेवटच्या काउंटचं, मिशेलचं, १५५४ मध्ये चक्क दिवाळं निघालं आणि धनको असलेल्या बर्न आणि फ्रिबूर या शहरांनी त्याचा मुलूखच वाटून घेतला! पायथ्याशी प्रँजी गावात ग्रुयेर चीज बनतं. सुमारे ४०० लिटर दुधाचं ३५ किलोचं एक चाक. (मोठाली भोकं एमेंटाल या दुसऱ्या स्विस चीजला असतात, याला नाही.) पण खरी गंमत किल्ल्याच्या वाटेवर. ‘एलियन’ सिनेमातला राक्षस घडवणाऱ्या गीगरचं संग्रहालय! एवढ्या गोजिरवाण्या गावात ते काळेकभिन्न सांगाडे. मला जाम आवडलं. आमचे अहो मात्र बाहेरच, मेरिंग (अंड्याच्या पांढऱ्याची कुरकुरीत गोड मिठाई) आणि दाट साय चापत बसले.