आमची वाटचाल: मोफत संकलनाची आमची पद्धत

प्रशिक्षणाचे व्हिडिओ तयार करून देणारा आमचा छोटा व्यवसाय सुरू झाला तेव्हा भांडवलाचा मोठा भाग कॅमेरा, माइक आणि दिवे यांवरच खर्च झाला होता. त्यामुळे संकलनासाठी (व्हिडिओ एडिटिंगसाठी) मोफत सॉफ्टवेअर वापरणे हा आमच्यासाठी तत्त्वाचा नव्हे, तर निव्वळ हिशोबाचा निर्णय होता. लिनक्स या संचालन प्रणालीवर डाविंची रिझॉल्व्ह या संकलन-सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती बसवली. त्या आवृत्तीत एच.264 या प्रकारातले फुटेज उघडत नसे आणि एएसी या प्रकारातला ध्वनीही चालत नसे, आणि आमचा कॅमेरा नेमके हेच दोन्ही देत होता. ही मर्यादा निर्मात्यांच्या कोडेक-यादीत (चालणाऱ्या व्हिडिओ-ध्वनी प्रकारांच्या यादीत) स्पष्ट नोंदलेली असल्याने तक्रारीला अर्थातच जागा नव्हती.

यावर आम्ही एफएफएमपेग या मोफत रूपांतर-साधनाचा आधार घेतला. चित्रीकरण आले की संकलनापूर्वीच ते डीएनएक्सएचआर या संकलनाला सोयीच्या व्हिडिओ-प्रकारात आणि ध्वनी पीसीएम या न दाबलेल्या प्रकारात बदलून घ्यायचा, असा दंडक घातला. याची किंमत डिस्कवर मोजावी लागली, कारण फुल एचडी, सेकंदाला 25 फ्रेमच्या एचक्यू दर्जाच्या फाइलला मिनिटाला सुमारे 1.4 जीबी जागा लागते. मात्र या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असल्याने जुन्या संगणकावरही टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडायची पट्टी) अडखळेनाशी झाली. शिवाय मोबाइलवरच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो आणि लांबलचक व्याख्यानात ओठ व आवाज यांचा मेळ सुटत जातो, तो दोषही याच टप्प्यावर वेग स्थिर करून निघू लागला. माझ्या मते सशुल्क आवृत्ती पहिल्याच दिवशी घेतली असती, तर ही शिस्त आम्हाला लागली नसती.

मराठी शीर्षकांनी मात्र बराच छळ केला. आम्ही आजमावलेल्या काही मोफत साधनांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षराचे हलन्त तुकडे होत. म्हणून शीर्षके इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये रचून पारदर्शक पीएनजी चित्रे म्हणून आणू लागलो. ग्राहकाने एखाद्या नावाचे शुद्धलेखन बदलले की ती पुन्हा काढावी लागते. म्हणून फाइलचे नाव तेच ठेवून जुन्या प्रतीवर नवी प्रत टाकतो, म्हणजे टाइमलाइनला हात लावावा लागत नाही.

एच.264च्या त्याच मर्यादेमुळे अंतिम प्रतही डीएनएक्सएचआरमध्येच काढून एच.264 रूपांतर बाहेर करतो.

हार पत्करली ती अंधाऱ्या सभागृहांपुढे. कमी प्रकाशात चित्रात उमटणारे दाणे घालवण्याची खरी सोय रिझॉल्व्हच्या सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतच आहे. एफएफएमपेगचे एचक्यूडीएन3डी फिल्टर झटपट काम करते, पण केस आणि फळ्यावरची बारीक अक्षरे पुसट करते. त्याचेच एनएलमीन्स हे दुसरे फिल्टर अधिक नेटके असले तरी तासाभराच्या व्याख्यानाला ते वेळेच्या दृष्टीने परवडत नाही. त्यामुळे एका संगणकापुरता स्टुडिओचा परवाना घेतला, आणि लिनक्सवर त्यातही एएसी चालत नसल्याने रूपांतराचा पहिला टप्पा तसाच राहिला.