ओलावा कोण दाखवणार?

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, टीव्हीवर बातमीची पट्टी सरकत होती: २०२५-२६चा सोयाबीन हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. काट्याजवळ उभे असलेले काका म्हणाले, “भाव दावायलेत, ओलावा कोण दावायलंय?”

हे वाक्य डोक्यातून जाईना.

हमीभाव केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. काढणीत पाऊस लागला की दाणा भिजतो, माल परत फिरतो, मग आडतीवर, म्हणजे दलालाकडे, मिळेल तो भाव. बातमीत यातलं काहीच नसतं.

म्हणून तर लोक गावातल्या पोराचा ब्लॉग उघडतात. आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर, आणि सोबत ओलावाही. तो चुकला तर दुसऱ्या दिवशी मोंढ्यातच गाठता येतो. स्टुडिओतल्या अँकरला कुठं गाठायचं?