पीटी करायला येणारी माणसं

विट्यातल्या आमच्या लॅबपुढं सकाळी साडेसातला जी रांग लागते, तिच्यात निम्मे शुगरवाले असतात. उरलेल्यांत दोन-तीन चेहरे असे असतात की चिठ्ठी बघायच्या आधीच माझा हात निळ्या टोपणाच्या ट्यूबकडं जातो. "ताई, पीटी करायची." पीटी म्हणजे रक्त किती सेकंदांत गोठतं ते बघायची तपासणी. बहुतेक जण उपाशीपोटी आलेले. पीटीला उपाशी राहावं लागत नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं. पण रक्त द्यायचं म्हणजे उपास, हे एकदा डोक्यात बसलंय ते बसलंय.

ही हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदललेली मंडळी. आमच्या भागात त्यातल्या बऱ्याच जणांची कहाणी एकच. लहानपणी घसा धरला, ताप आला, मग गुडघे-घोटे सुजले आणि आपोआप उतरले. घरचे विसरूनही गेले. पंधरा-वीस वर्षांनी पाण्याची घागर उचलताना धाप लागायला लागली, तेव्हा इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं की डाव्या बाजूची मायट्रल झडप आक्रसलीय. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर आपल्याच झडपांवर उलटतं, त्याचा हा हिशोब.

सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला : "ही झडप किती वर्षं टिकंल?" धातूची असेल तर मी बिनधास्त सांगते, झडपेची काळजी करू नका. हृदय मिनिटाला सत्तर वेळा धडधडलं तरी वर्षाला साडेतीन कोटींच्या वर ठोके होतात, आणि प्रत्येक ठोक्याला झडप एकदा उघडते, एकदा मिटते. हे सोसणारा माल शोधायला माणसांनी फार डोकं लावलंय. 1960 साली अमेरिकेत सर्जन स्टार आणि इंजिनिअर एडवर्ड्स यांच्या झडपेत पिंजऱ्यात चेंडू होता. पुढं तिरकी होणारी चकती आली. 1977 पासून दोन पाकळ्यांची सेंट ज्यूड कंपनीची झडप आली. तिच्यातला पायरोलिटिक जातीचा कार्बन मुळात अणुभट्टीच्या इंधनकणांवर लेप द्यायला तयार केलेला. रक्ताला तो फारसा टोचत नाही, म्हणून हृदयात आला.

आपल्याकडची चित्रा झडप मला जास्त जवळची, कारण आमच्याकडं येणाऱ्यांत ती बरीच दिसते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा वैद्यकीय संस्थेत हार्ट सर्जन डॉ. वलियाथन यांच्या गटानं ती घडवली, आणि चौथ्या नमुन्याला यश आलं. मधे त्यांनी नीलमाच्या स्फटिकाची चकती करून बघितली होती. नीलम इतका कठीण, की त्यानं टायटॅनियमचा पिंजराच झिजवला. मग पिंजरा कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूचा केला, तर मेंढीच्या हृदयात नीलमच फुटला. शेवटी टिकली ती प्लास्टिकची, म्हणजे पॉलिएथिलिनच्या एका चिवट जातीची चकती. 6 डिसेंबर 1990 ला ती पहिल्यांदा माणसात बसली. कठीणपणापेक्षा चिवटपणा कामाला आला, हे मला फार आवडतं.

दगा दिलेल्या झडपाही आहेत. ब्योर्क-शायली नावाच्या झडपेच्या एका नमुन्यात चकती अडवणारी तार वेल्डिंगनं जोडलेली होती. ती तुटून चकती निसटायला लागली, माणसं गेली, आणि 1986 साली तो नमुना बाजारातून उठला. पण आज माझ्यापुढं बसणाऱ्याला धोका असतो तो झडपेवर धरणाऱ्या गुठळीचा. ही गुठळी झडप अडकवते, नाहीतर सुटून मेंदूत जाते आणि लकवा मारतो. म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफॅरिन. या जातीच्या औषधाचा शोध लागला तो गुरांमुळं. 1920 च्या दशकात कॅनडात आणि नॉर्थ डकोटात बुरशी लागलेलं गवत खाऊन गाई रक्तस्रावानं मरत होत्या, आणि त्या गवतात सापडलेल्या द्रव्यावरून ही औषधं निघाली. वॉरफॅरिन आधी उंदीर मारायला विकलं गेलं, माणसांना नंतर. हे एका दूधवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी आमी उंदराचं औषिद खातूय व्हय?" हो, पण मापात.

ते माप म्हणजे आयएनआर, पीटीवरून काढलेला आकडा. निळ्या ट्यूबमध्ये आधीच रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं : नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त खुणेपर्यंत भरलंच पाहिजे. कमी भरलं तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं, रक्त गोठायला उशीर लागतो आणि रिपोर्ट खोटाच चढा येतो. तो बघून डॉक्टर गोळी कमी करणार, आणि खरं रक्त तर घट्टच. म्हणून शीर नीट सापडली नाही तर मी दुसऱ्या हाताला टोचते. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. पुढं प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पाणी, वेगळा काढायचा, 37 अंशाला गरम करायचा, रीएजंट, म्हणजे तो गोठवणारं रसायन, घालायचं आणि किती सेकंदांत गोठतो ते बघायचं. प्रत्येक रीएजंटची धार वेगळी, त्यामुळं नुसते सेकंद दोन लॅबचे जुळत नाहीत. ते जुळावेत म्हणून आयएनआर काढतात. आकडा जेवढा चढा तेवढं रक्त पातळ. मायट्रलला धातूची झडप असेल तर साधारण अडीच ते साडेतीन, अ‍ॅओर्टिक या दुसऱ्या झडपेला दोन ते तीन. नेमका आकडा ज्याचा त्याचे डॉक्टर ठरवतात.

हा आकडा ऋतूप्रमाणं हलतो. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीचा जोर कमी करतं, म्हणून थंडीत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या की आयएनआर खाली येतो. श्रावणात उपासामुळं पालेभाजी सुटली की वर जातो. "मेथी बंद करा" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, गोळी त्या हिशोबानं बसते. एक मावशी कालनिर्णयवर रोज गोळीची खूण करतात, सोमवारी अर्धी, मंगळवारी एक. त्यांचा आकडा कधी फारसा ढळत नाही. उलट एकांनी कंबर धरली म्हणून गावात कमरेवर इंजेक्शन घेतलं आणि वाटीएवढी काळीनिळी गाठ घेऊन आले. या गोळीवर असताना मांसात टोचून घ्यायचं नाही, दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही, आणि दात काढायचा असेल तर दातवाल्याला आधी व्हॉल्व्ह सांगायचा. तो अर्धा-एक तास आधी अँटिबायोटिक देतो, नाहीतर तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसतात.

"आमच्या भावाला नवीन गोळी दिलीय, तिला तपासणीच लागत नाही. मला ती का नाही?" हेही नेहमीचं. भावाच्या हृदयात धातू नाही, म्हणून. डॅबिगट्रान ही तसलीच नवीन गोळी धातूच्या झडपेवाल्यांना देऊन बघितली होती. गुठळ्याही वाढल्या, रक्तस्रावही वाढला. तो अभ्यास मधेच थांबवावा लागला.

मग गाय-डुकराच्या ऊतीची झडप का नको? साठी-पासष्टीच्या पुढं ती चांगलीच, जन्मभराची गोळी टळते. पण तरुण शरीरात तिच्यावर कॅल्शियम लवकर चढतं आणि दुसरं ऑपरेशन कपाळी येतं. परवा विशीतल्या मुलीचे वडील हेच विचारत होते. धातूची बसवली तर बाळंतपणाचा पेच : पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी गर्भाला बाधू शकते आणि गोळी थांबवली तर आईला धोका. "हे लग्नाआधी हार्टच्या डॉक्टरांशी बोला, आणि पोरीला समोर बसवून बोला," एवढंच मी सांगितलं. ते एकटेच आले होते.

ऑपरेशन आता महात्मा फुले योजनेतून होतं, गरिबाचाही जीव वाचतो. पण पुढची तपासणी आयुष्यभर, त्यासाठी एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारं ग्लुकोमीटरएवढं यंत्र मिळतं, पण पट्ट्या महाग, घरोघरी परवडणारं नाही. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक असावं असं माझं मत आहे. माझ्या रांगेतली दोन-तीन गिऱ्हाईकं कमी होतील. होऊ देत, शुगरवाले काय कमी आहेत?