मागच्या सीटखालची किंमत

विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त वाहनांचे सर्वेक्षण करणे आणि जुन्या गाडीवर कर्ज देण्यापूर्वी तिची खरी किंमत काय, याचा अहवाल बँकेला देणे, हा माझा सोलापुरातला व्यवसाय आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बहुधा स्विफ्ट, डिझायर, बोलेरो किंवा इनोव्हा असतात आणि त्यांचे भाव बाजारातल्या प्रत्येक दलालाला तोंडपाठ असतात. त्यामुळे गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, बँकेच्या शाखेतून ‘लेक्सस ईएस ३००एच, २०१९, मूल्यांकन हवे’ असा निरोप आला तेव्हा मला थोडे नवलच वाटले, कारण अशी गाडी आपल्या शहरात रस्त्यावरही क्वचितच दिसते.

घेणारे होते सात रस्त्याजवळ स्वतःचे रुग्णालय चालवणारे अस्थिरोगतज्ज्ञ, आणि विकणारे होते अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना असलेले एक गृहस्थ, घरात तेलुगू आणि कारखान्यात मराठी बोलणारे, जुन्या विणकर घराण्यातले. मागणी ३२ लाखांची होती. नवी असताना या गाडीची शोरूममधली किंमतच ६० लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेता सौदा आकर्षक होता. मात्र निम्म्या किमतीत मिळणारी महागडी गाडी डागडुजीला निम्म्या खर्चात मिळत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे लागते.

लेक्सस ही टोयोटाचीच १९८९ मध्ये सुरू झालेली आलिशान शाखा आहे, आणि ईएस ही त्या पहिल्या वर्षापासूनची तिची सेडान. भारतात ती २०१७ मध्ये आली, पुढची पिढी २०१८ मध्ये, आणि २०२० पासून तिची जुळणी कर्नाटकात बिडदी येथे होऊ लागली. समोरची गाडी त्याआधीची, जपानहून थेट आयात झालेली होती, आणि चॅसी क्रमांकाची सुरुवातीची ‘जेटीएच’ ही अक्षरे तेच सांगत होती. तिचे अडीच लिटरचे इंजिन आणि हायब्रिड यंत्रणा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटारी यांची जोडी, टोयोटाच्याच कॅमरी गाडीच्या घराण्यातली आहे. याचा एक फायदा असा की ती समजणारा कारागीर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

डॉक्टरांनी त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिकलाही सोबत आणले होते. पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्यांत मुरलेला हा माणूस कान देऊन इंजिनाची नाडी ओळखतो. पण इथे बटण दाबल्यावर काहीच वाजले नाही, फक्त समोर ‘रेडी’ असा हिरवा शब्द उमटला. तो म्हणाला, “साहेब, हे तर सुरूच होईना की ओ.” त्याला क्लच सापडेना, कारण तो या गाडीत नसतोच, स्टार्टर आणि अल्टरनेटरचीही वेगळी सोय नसते, ती कामे हायब्रिड यंत्रणेतल्या मोटारी करतात. गाडी मोटारीवर निःशब्द फाटकापर्यंत गेली आणि तिथे इंजिन आपोआप जागे झाले, तेव्हा तो माझ्याकडे पाहून हसला आणि पुढची तपासणी त्याने माझ्यावर सोपवली.

बाहेरची तपासणी लवकर आटोपली. रंगाची जाडी मोजणारे यंत्र सगळीकडे १०० ते १३० मायक्रॉन दाखवत होते. फक्त उजव्या मागच्या दारावर आकडा २४० पर्यंत गेला. म्हणजे दार पुन्हा रंगवले होते, पण खाली पुटी भरलेली नव्हती. टायरांवरचे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगणारे चार अंक, काचांवरचे शिक्के आणि सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर एकमेकांशी जुळत होते. ब्रेक पॅड ६१ हजार किलोमीटरनंतरही जाड होते. त्यात संशयास्पद काही नाही, कारण अशा गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटार करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते.

खरा प्रश्न त्या बॅटरीचाच होता. या पिढीच्या ईएसमध्ये ती मागच्या सीटखाली असते: निकेल मेटल हायड्राइड प्रकारची, सतरा गटांत विभागलेल्या २०४ घटांची, सुमारे २४५ व्होल्टची. तिला थंड ठेवण्यासाठी एक पंखा गाडीच्या आतलीच थंड हवा सीटखालच्या जाळीतून ओढून घेतो. मी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर जोडून अक्कलकोट रस्त्याने निघालो. बाहेर ४२ अंश होते आणि एसी चालू होता. बॅटरीच्या सतराही गटांचे व्होल्टेज मी एकेक करून पाहत होतो; वेग घेताना आणि ब्रेक लावताना ते एकत्र खाली जात होते आणि एकत्र वर येत होते, त्यांच्यातला फरक दोन दशांश व्होल्टच्या पुढे जात नव्हता. असे असणे हे निरोगी बॅटरीचे लक्षण आहे, कारण खराब होणारी बॅटरी प्रथम एखाद्या गटात वेगळी वागू लागते. बॅटरीचे तापमान मात्र ३८ वरून चढत ५२ अंशांवर गेले, आणि मागून पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. पंखा पूर्ण वेगाने फिरत असूनही बॅटरी तापत होती. याचा अर्थ पंख्याला हवाच मिळत नव्हती.

सोबत कारखान्याचा चालक होता. तो आपणहून म्हणाला, “पाठीमागं ते घुंई घुंई वाजतंय ना साहेब, लई दिवस झालं. मधी पुढं पिवळा मेसेज पण आलता, गॅरेजवाल्यानं काढून दिला.” त्या गॅरेजने मालकांना काय सांगितले होते, हेही त्याच्याकडूनच कळले: बॅटरी संपत आली आहे, चार-पाच लाखांचा खर्च आहे, त्याआधी गाडी काढून टाका. गाडी विकायला निघण्याचे खरे कारण हे होते.

कारखान्यात परतल्यावर मी सीटच्या पायथ्याची जाळी काढली. आतल्या फिल्टरवर पांढरट नमद्यासारखा जाड थर बसला होता, बोटाने उचलताच अखंड निघणारा. ती टॉवेलची तूस होती. ही गाडी कायम कारखान्याच्या शेडमध्ये उभी राहत असे, आणि पुण्या-मुंबईच्या खरेदीदारांना दाखवायचे नमुन्यांचे गठ्ठे मागच्या सीटवर नि पायाशी टाकून नेले जात. ज्या टेरी टॉवेलने सोलापूरला भौगोलिक मानांकन मिळवून दिले, त्याच्या तुसेने या गाडीचा श्वास कोंडला होता. फिल्टर वेळोवेळी साफ करावा, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पण पुस्तिका अजून पाकिटातच होती.

इथून पुढे तांत्रिक काम संपले आणि अवघड काम सुरू झाले. विकणारा समजत होता की बॅटरी मेली आहे, आणि ते त्याने घेणाऱ्याला सांगितले नव्हते; प्रत्यक्षात ती चांगली होती, आणि ते त्याला ठाऊक नव्हते. डॉक्टरांना मी बाजूला घेऊन निष्कर्ष सांगितला, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “तुम्ही अहवालात ‘बॅटरी शंकास्पद’ एवढेच लिहा. मी २७ लाखांना मागतो. त्यांनी तरी मला कुठे खरे सांगितले होते?” त्यांचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. पण अहवाल बँकेचा होता आणि मूल्यांकन गाडीचे होते, दोघांपैकी कोणाच्या कपटाचे किंवा अज्ञानाचे नव्हते. शंका असेल तर शंका लिहावी. इथे शंका उरली नव्हती. मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले, आणि त्यांना ते आवडले नाही.

अहवालात मी गटांचे व्होल्टेज, चढलेले तापमान, फिल्टरची छायाचित्रे आणि ३० लाख ही किंमत लिहिली. शीतकरण यंत्रणा प्रशिक्षित माणसाकडून साफ करून फेरचाचणी झाल्याशिवाय कर्ज वितरित करू नये, अशी अटही घातली. अट घातल्यावर ती विकणाऱ्याला कळणे अपरिहार्य होते, आणि तेच योग्य होते. पुण्याहून हायब्रिड गाड्यांचे काम जाणणारा तंत्रज्ञ बोलावला गेला. फिल्टर कोणीही साफ करू शकतो. पण पंख्याच्या पात्यांतही तूस गेलेली असल्याने त्याने विद्युतरोधक हातमोजे घालून बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि उच्चदाबाचा भार उतरेपर्यंत थांबून मगच पंखा बाहेर घेतला. नारिंगी आवरणाच्या उच्चदाबाच्या तारांना हौशी माणसाने हात लावू नये, हे मी तिथे जमलेल्या कामगारांना दोनदा बजावले. त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात, फेरचाचणीत तापमान ४१ अंशांच्या वर गेले नाही.

कारखानदारांना हे कळल्यावर त्यांचा पहिला उद्गार होता, “मग आता मी विकू कशाला?” दोन दिवस व्यवहार अडला. शेवटी सौदा ३१ लाखांवर ठरला, तोच दुसरा वाद निघाला. गाडी भागीदारी संस्थेच्या नावावर होती आणि तिच्यावर घसारा, म्हणजे दरवर्षी घटणाऱ्या किमतीची करातली वजावट, घेतलेला होता. अशा विक्रीत विक्री किंमत आणि घसारा वजा जाता उरलेले पुस्तकी मूल्य यांच्यातल्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. पुस्तकी मूल्य २७ लाख होते, म्हणजे चार लाखांवर ७२ हजार रुपये. हे कोणी भरायचे, यावर चहाचे बरेच कप झाले, आणि अखेर ते संस्थेने भरले.

बाकीचे कागद सरळ होते. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद होती. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या, हे मी डॉक्टरांना लेखी दिले. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो, हे ऐकून ते पुन्हा थोडे नाराज झाले.

गाडी ताब्यात आल्यावर त्यांनी सर्वप्रथम सीट कव्हर शिवायला टाकली, जमिनीपर्यंत झालर असलेली. कारागिराने मापे घेतली होती आणि मागच्या सीटची झालर नेमकी त्या जाळीवर येत होती. मी त्याच्या दुकानात गेलो, खडूने जाळीची जागा आखून दिली आणि तेवढे कापड तिथल्या तिथे कापायला लावले.